काचेच्या तारेला आपल्या गावी थांबा

१९९९ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्याहून धुळ्याला येणाऱ्या रात्रीच्या एस.टी.त मी मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसलो होतो. एरवी घरात कुरडया ठेवायचा तो डबा. त्या दिवशी त्यात पंचात गुंडाळलेल्या दहा सीडी होत्या. शिवाजीनगरचा स्टँड सोडल्यावर कंडक्टर तिकिटे फाडत माझ्यापाशी आला. मी डबा वरच्या फळीवर ठेवायला तयार नाही, हे पाहून त्याने आपल्या अहिराणीत विचारले, "डबामा काय शे, भाऊ?" मी म्हणालो, "संगणकाच्या चकत्या आहेत. आकाशाचे फोटो आहेत त्यांच्यावर." त्याने एकदा डब्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता पुढच्या बाकाकडे गेला.

मी तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे. पुण्याच्या 'आयुका'चे दरवाजे विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी उघडे असत. डॉ. जयंत नारळीकरांनी ही संस्था उभी केली, तीच मुळी या कल्पनेवर. आडगावच्या मास्तरानेही सुटीत यावे, तिथली यंत्रे आणि ग्रंथालय वापरावे, तिथल्या माणसांशी बोलावे आणि परत जाऊन आपल्या मुलांना ते द्यावे. मी त्या सुटीत दहा सीडी भरून आकाशाच्या डिजिटल छायाचित्रांचे तुकडे उतरवून आणले होते. त्यावर माझे विद्यार्थी वर्षभर काम करणार होते.

इंटरनेट होते की! १५ ऑगस्ट १९९५ ला ते देशात सर्वांसाठी खुले झाले होते. आमच्या महाविद्यालयात मात्र फोन एकच आणि तो प्राचार्यांच्या टेबलावर. मोडेम लावायचा तर प्राचार्यांनी घरी जायला हवे. मग मी एकदा फळ्यावर हिशेब मांडला. एका सीडीवर ६५० मेगाबाइट, दहा सीडींवर साडेसहा हजार. बिटांत मोजले तर ५२ हजार मेगाबिट. त्या काळचा उत्तम मोडेम सेकंदाला ५६ किलोबिट नेई. म्हणजे लाइन एकदाही न तुटता सारा माल यायला जवळजवळ अकरा दिवस लागले असते. एस.टी.ने तो दहा तासांत आणला. तारेपेक्षा लाल डबा पंचवीस पट वेगवान! मुले हसली. मीही हसलो. पण त्या हसण्यात आपण कुठे राहतो, याचे उत्तर होते.

आज हाच हिशेब पुन्हा मांडावासा वाटतो. कारण मधल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत विज्ञान करण्याची रीतच बदलली आहे, आणि तो बदल आपल्या शेतांच्या बांधावरून, आपल्या रुळांच्या कडेने गेला आहे.

महामार्गाच्या कडेला चर खणून त्यात केशरी पाइप पुरणारे मजूर आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या पाइपातून काचेचे तंतू जातात. एक तंतू केसाएवढा, आणि प्रकाश वाहून नेणारा त्याचा गाभा त्याहूनही कितीतरी बारीक. गाभ्याभोवती किंचित वेगळ्या काचेचे वेष्टन असते; त्यामुळे आत शिरलेला किरण कडेला आदळला की बाहेर न पडता पुन्हा आत परावर्तित होतो. विहिरीच्या तळाशी पोहणाऱ्याला पाण्याचा पृष्ठभाग तिरपा पाहिला की आरशासारखा दिसतो, तेच हे तत्त्व. चार्ल्स काओ यांनी १९६६ साली दाखवून दिले की काच पुरेशी शुद्ध केली, तर प्रकाश दूरवर जाऊ शकेल. त्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल मिळाले. आजच्या काचेतून पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. ऐंशी-शंभर किलोमीटरवर त्याला पुन्हा बळ द्यायचे, की झाले. जळगावहून सोडलेला किरण नव्वदेक किलोमीटरवरच्या धुळ्याला सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापेक्षा कमी वेळात पोचतो. शिवाय एकाच तंतूतून अनेक रंगांचे प्रकाश एकाच वेळी, एकमेकांच्या वाटेत न येता जातात. प्रत्येक रंग म्हणजे एक स्वतंत्र रूळच.

रुळांचा विषय निघाला, की खान्देशी माणसाला भुसावळ आठवतेच. मुंबईहून निघालेला मार्ग तिथे फुटतो. एक फाटा नागपूरकडे, दुसरा इटारसी-जबलपूरकडे. मालगाड्या यार्डात येतात, वाघिणी सुटतात, ज्या त्या दिशेच्या गाडीला जोडल्या जातात. संगणकांच्या जाळ्यातही माहितीचे असेच तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यावर पत्त्याची चिठ्ठी असते. प्रत्येक जंक्शनवर चिठ्ठी वाचून तुकडा पुढे ढकलला जातो आणि मुक्कामी सारे तुकडे पुन्हा क्रमाने जोडले जातात. सावदा-रावेरची केळी दिल्लीला गेली, ती याच पद्धतीने. आणि केळ्याप्रमाणेच काही माहितीलाही वाट पाहणे परवडत नाही.

ती कोणती? जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत २००८ साली सुरू झालेल्या महाकाय यंत्रात प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांना सामोरे जातात. त्यातल्या बहुतेक टकरी नेहमीच्याच. त्या तिथल्या तिथे गाळल्या जातात. गाळून उरते तेही एका इमारतीतल्या संगणकांना झेपणारे नसते. म्हणून ती माहिती चाळीसहून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रांत वाटली जाते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यातले एक केंद्र, कोलकात्याचे सायक्लोट्रॉन केंद्र दुसरे. ४ जुलै २०१२ ला हिग्ज कण सापडल्याची घोषणा झाली, तेव्हा टाळ्या जिनिव्हात वाजल्या; पण त्यामागची आकडेमोड रात्रंदिवस जगभर चालली होती, आणि तिचा एक वाटा कुलाब्यातही पार पडत होता.

या व्यवस्थेला 'ग्रिड' म्हणतात. इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन यांनी १९९८ साली संपादित केलेल्या ग्रंथामुळे हे नाव रूढ झाले. ते घेतले आहे विजेच्या ग्रिडवरून. आपल्या घरातला दिवा लागतो तेव्हा ती वीज दीपनगरची की कोयनेची, हे दिव्याला ठाऊक नसते. बटण दाबले, की कुठून तरी वीज येते. त्याचप्रमाणे संशोधकाने आपले गणित जाळ्यात टाकावे. ते पुण्यात सुटले की बंगळुरात, याच्याशी त्याला कर्तव्य नसावे. भारनियमनाच्या दिवसांत रात्री दोनला उठून पंप सुरू करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ग्रिड म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. ग्रिडमध्ये वीज असणे आणि आपल्या खांबावर ती येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तो जाणतो.

दूर जिनिव्हाला कशाला जायचे? जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही जीएमआरटी दुर्बीण. तबकड्या पंचवीस किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. पण प्रत्येकीने टिपलेला संकेत काचेच्या तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतो, तिथे सारे संकेत एकमेकांशी पडताळले जातात आणि तीस तबकड्या मिळून एक विराट डोळा होतात. काचेचा तंतू तिथे नुसता निरोप्या नाही. तो दुर्बिणीचाच अवयव आहे. जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय खगोलशास्त्रज्ञांनी आपापली निरीक्षणे एकत्र करून विश्वात घुमणाऱ्या अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले. त्यात खोडदच्या दुर्बिणीने टिपलेले पल्सार ताऱ्यांचे ठोके होते. उद्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ 'लायगो-इंडिया' उभी राहील. २०२३ साली केंद्राने तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या वेधशाळांच्या नोंदींशी तिच्या नोंदी जुळवल्या, तरच लहर आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली, हे नेमके कळेल. म्हणजे आता एकट्याने करायचे विज्ञान थोडे आणि मिळून करायचे विज्ञान फार.

मग या मिळून करण्यात आपण कुठे आहोत?

'सी-डॅक'ने २००४ नंतर 'गरुड' नावाचे राष्ट्रीय ग्रिड उभारायला घेतले. पहिल्या टप्प्यात १७ शहरांतील ४५ संस्था जोडल्या गेल्या. त्या यादीत महाराष्ट्रातून मुंबई होती आणि पुणे होते. सुरुवात कुठून तरी करावी लागते, हे मान्य. त्यानंतर राष्ट्रीय ज्ञानजाल आले. विद्यापीठे आणि प्रयोगशाळा काचेच्या तारेने जोडण्याच्या या योजनेच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन एप्रिल २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. मार्च २०१० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला ५९९० कोटी रुपयांची मंजुरी दिली. प्रतिभाताई जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. ती बातमी वाचून मला उगीचच वाटले, की आता आपल्याकडची चाके फिरणार.

ती फिरली, पण सारखी नाही. त्याच सुमारास माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे एक राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्यात विद्यापीठाला सेकंदाला एक गिगाबिट वेगाची जोडणी आणि महाविद्यालयांना ५१२ किलोबिटच्या ब्रॉडबँड जोडण्या, अशी आखणी होती. वाचकहो, आता तो फळ्यावरचा हिशेब पुन्हा करू. माझ्या डब्यातला तोच ५२ हजार मेगाबिट माल एक गिगाबिटच्या तारेने बावन्न सेकंदांत येतो. ५१२ किलोबिटच्या एका जोडणीवर त्याला अठ्ठावीस तास लागतात. रात्रीची एस.टी. दहा तासांत येत होती!

हा हिशेब कागदावरचा राहिला असता तर मी हा लेख लिहिला नसता. २०१२ सालच्या हिवाळ्यात माझ्याकडे एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी होती. अमळनेर तालुक्यातल्या खेड्यातली, घरी कोरडवाहू कापूस. दीर्घिकांच्या छायाचित्रांवर तिला प्रकल्प करायचा होता. छायाचित्रे जगातल्या मोठ्या वेधशाळांनी सर्वांसाठी खुली ठेवलेली, फुकट. कुणाची परवानगी नको, कुणाची ओळख नको. फक्त ती उतरवून घ्यायची. आमच्या जोडणीवर एक मोठी फाइल रात्रभर चाले, पहाटे वीज जाई आणि पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. तीन आठवड्यांनी तिने स्वतःच मार्ग काढला. दर शनिवारी अमळनेरहून सुरत-भुसावळ मार्गावरची पॅसेंजर पकडायची, जळगावला जिथे वेगवान तार पोचली होती तिथल्या एका ओळखीच्या संशोधक विद्यार्थ्याकडे जायचे आणि पेन ड्राइव्ह भरून परत यायचे. एका सोमवारी ती मला म्हणाली, "सर, गाडी दीड तास लेट होती, पण फाइल दोन मिनिटांत आली."

तेरा वर्षांत स्टीलचा डबा जाऊन पेन ड्राइव्ह आला होता. प्रवास तोच होता.

तिचा प्रकल्प चांगला झाला. आज ती एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, आणि मन लावून शिकवते. संशोधन मात्र राहून गेले. त्याला घरची अनेक कारणे होती. सारा दोष तारेवर टाकणे खरे होणार नाही. पण ते सारे शनिवार मला अजून आठवतात. ज्या काळात पुण्याची किंवा बंगळुरूची तिच्या वयाची मुलगी त्या छायाचित्रांकडे पाहून प्रश्न विचारत होती, त्या काळात ही मुलगी फलाटावर बसून होती. हुशारीतले अंतर नव्हते. वेळेतले होते.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. २०११ साली मंजूर झालेली ग्रामपंचायती जोडण्याची योजना पुढे 'भारतनेट' झाली. मुलांच्या हातातल्या मोबाइलचा वेग माझ्या त्या मोडेमच्या शेकडो पट आहे. खोडदच्या दुर्बिणीच्या कामासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये 'परम रुद्र' हा महासंगणक राष्ट्राला अर्पण झाला. तार आहे, यंत्र आहे. तरीही तालुक्याच्या महाविद्यालयात जाऊन विचारा, की यातल्या कुठल्या यंत्रावर तुमच्या एका तरी विद्यार्थ्याचे खाते आहे का? जोडणी कार्यालयात असते, कारण प्रवेशाचे आणि परीक्षेचे अर्ज तिथून भरायचे असतात. प्रयोगशाळेपर्यंत ती जात नाही. शिक्षकांच्या जागा रिकाम्या; जे आहेत ते तासिका तत्त्वावर, एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे मोटारसायकलवर धावणारे. त्यांनी विद्यार्थ्यांशेजारी बसून एखादा प्रश्न तीन महिने धरून ठेवायचा तो केव्हा?

तसे घडू शकते, याचा पुरावा आपल्या देशातच आहे. डॉ. आनंद होता या खगोलशास्त्रज्ञाने एप्रिल २०१३ मध्ये 'रॅड ॲट होम' नावाचा उपक्रम सुरू केला. लहान-मोठ्या गावांतल्या विज्ञानाच्या आणि अभियांत्रिकीच्या मुलांना त्याने जीएमआरटीने टिपलेली रेडिओ छायाचित्रे वाचायला शिकवली. घरी बसून, साध्या संगणकावर. २०२५ मध्ये या गटाने एकमेकांत गुंतलेल्या दोन अतिप्रचंड रेडिओ-कड्यांचा शोध जाहीर केला. ज्या दुर्बिणीच्या नोंदींत ती सापडली, ती 'लोफार', नेदरलंड्सभोवती केंद्रित आहे आणि तिची ठाणी युरोपभर पसरलेली आहेत, काचेच्या तारेनेच एकमेकांना जोडलेली. दुर्बीण युरोपात, डोळे भारतात! इथे महासंगणकापेक्षाही मोठे काम केले ते कुणीतरी शेजारी बसून शिकवण्याने.

आपल्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. असोद्याच्या या लेकीच्या ओव्या शेतात आणि जात्यावर जन्मत होत्या. सोपानदेवांनी त्या जपल्या, आचार्य अत्र्यांनी त्या ओळखल्या आणि १९५२ साली, बहिणाबाई गेल्यावर वर्षभराने, त्या पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आल्या. प्रतिभा खान्देशातच होती. तिला जोडणारे दोघे भेटले म्हणून ती आपल्याला कळली. अशा किती जणींना कुणीच भेटले नसेल, याचा हिशेब फळ्यावर मांडता येत नाही.

आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी वर्षानुवर्षे येते : अमुक एक्स्प्रेसला तमुक स्थानकावर थांबा मिळावा, प्रवासी मंडळाचे निवेदन. आपण ती वाचतो, कधी सहीही करतो. रूळ आपल्या गावातून जातात याचा अभिमान असतो. पण गाडी थांबली नाही तर आपल्या वाट्याला नुसती धूळ आणि शिटी. काचेच्या तारेचेही तसेच आहे. माझे निवेदन साधे आहे. तालुक्याच्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात तार कार्यालयातून उचलून प्रयोगशाळेत न्यावी. आठवड्यातली एक दुपार एका शिक्षकाला फक्त प्रकल्पासाठी, पगारी, द्यावी. आणि राष्ट्रीय यंत्रांवर या मुलांची खाती उघडून देण्याची जबाबदारी विद्यापीठात एका माणसावर नावानिशी सोपवावी. यासाठी नवा चर खणावा लागत नाही.

तो स्टीलचा डबा अजून आमच्या घरी आहे. मागच्या महिन्यात नात सुटीला आली होती. तिने झाकण उघडले आणि विचारले, "आजोबा, या सीडींचे काय करायचे?" मी म्हटले, "राहू दे त्यातच." ती म्हणाली, "पण आजीला कुरडयांना डबा हवाय."

डबा आजीला मिळाला. सीडी मी कपाटात ठेवल्या आहेत.